पाना, पक्कड आणि परतफेड

जगात माणसांचे दोनच प्रकार आहेत. ज्यांच्या घरी पाना, पक्कड आणि हातोडी ठरलेल्या जागी सापडते ते एक. आणि ज्यांच्या शेजारी अशी माणसे राहतात ते दुसरे. मी जन्माने, संस्काराने आणि पुढे सवयीने दुसऱ्या प्रकारात मोडतो. आमच्या घरी हातोडीचे काम बत्त्याने होई, पकडीचे काम दातांनी होई, आणि या दोन्हींनी न होणारे काम शेजारचे अण्णा करीत.

हे कबूल करताना मला जरा जास्तच संकोच वाटतो. कारण मी काही साधासुधा अनाडी नव्हे. मी चौतीस वर्षे शाळेत शास्त्र हा विषय शिकवला. तारेतून वीज वाहू लागली की तिच्यात निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा जूल नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४१ साली मांडलेला नियम मी मुलांकडून अक्षरशः घोकून घेतला. प्रवाह दुप्पट तर उष्णता चौपट, प्रवाह तिप्पट तर उष्णता नऊपट! फ्यूजची तार नेमकी का वितळते, ते मी फळ्यावर रंगीत खडूंनी काढून दाखवीत असे. ती वितळल्यावर पुढे काय करायचे, एवढे मात्र पाठ्यपुस्तकात नव्हते.

ते मला १९७६ सालच्या नरकचतुर्दशीला पहाटे कळले.

लालबागच्या एका चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत, आमचा संसार नुकताच लागला होता. पहाटे साडेचारची वेळ. स्टोव्हवर पाण्याचे पातेले, पाटाभोवती रांगोळी, वाटीत उटणे, आणि पाटावर उघड्या अंगाला तेल चोपडून बसलेला मी. सौभाग्यवतीने आकाशकंदिलाचे बटण दाबले. कंदील लागला तर नाहीच, उलट घरात होता तो दिवाही गेला.

"फ्यूज गेला वाटतं," ती काळोखातून म्हणाली, आणि मग मोठ्या विश्वासाने म्हणाली, "बरं झालं बाई, तुम्ही शास्त्राचेच शिक्षक आहात!"

वाचकहो, नवऱ्यावर एवढा विश्वास टाकणाऱ्या बायका फक्त लग्नाच्या पहिल्या वर्षात आढळतात. त्या विश्वासाला जागून मी मेणबत्ती घेऊन गॅलरीत आलो. मीटरच्या फळीवर चिनी मातीचे सहा-सात ठोकळे ओळीने बसलेले होते. आमचा कोणता, तेही मला ठाऊक नव्हते. जूलचे सूत्र आठवत होते, पण हात पुढे होत नव्हता. तेलकट बोटांनी विजेच्या फळीला हात लावू नये, इतपत शास्त्र मला येत होते.

तेवढ्यात पलीकडचे दार उघडले. अंगाला उटणे फासलेले, उंबऱ्यावर नुकतेच कारीट फोडून आलेले अण्णा बाहेर आले.

"मास्तरानू, काय झाला?"

मी सांगितले. अण्णांनी फळीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि विचारले, "डिसमिस आहे?"

"अजून तरी नाही," मी म्हणालो. "नोकरी पक्की आहे."

अण्णा हसले नाहीत. घरात जाऊन ते स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले. गिरणीच्या भाषेत त्यालाच डिसमिस म्हणतात, हे ज्ञान मला त्या मंगल पहाटे झाले.

त्यांनी आधी मेन स्विच बंद केला. ठोकळा ओढून नाकाशी नेऊन हुंगला. मला वाटले, आता तार घालतील. पण त्यांनी तो खाली ठेवला आणि विचारले, "दिवे गेले तेव्हा कशाचं बटण दाबलं होतं?" मग आकाशकंदील खाली उतरवला, त्याचा होल्डर उघडला, आणि आतल्या दोन उघड्या तारा एकमेकींना चिकटल्या होत्या त्या मेणबत्तीच्या उजेडात मला दाखवल्या. ते नीट करून झाल्यावरच त्यांनी ठोकळ्यात दोन-तीन केसांएवढी जाड तार ओवली आणि ती स्क्रूभोवती पिळून घट्ट केली.

"फ्यूज बिघडला नव्हता, मास्तर," ते म्हणाले. "त्याने आपलं काम केलं. चोर दुसरीकडे होता. लोक काय करतात, चोर सोडतात आणि पहारेकऱ्याला जाड तार घालतात. मग फ्यूज जात नाही, घर जातं."

जूलचा नियम इतक्या थोडक्या शब्दांत मी तोपर्यंत कधी ऐकला नव्हता.

* * *

अण्णा कणकवलीकडचे. सातवीनंतर शाळा सुटली, मुंबईला आले, आणि एका कापडगिरणीत हाताखालचा पोऱ्या म्हणून लागून पुढे फिटर झाले. चाळीत त्यांची ख्याती अशी की, बिघडलेली वस्तू अण्णांच्या नुसत्या मांडीवर ठेवली तरी निम्मी दुरुस्त होते. यात अतिशयोक्ती थोडी होती; पण फार नव्हती.

त्या काळी घराघरांत पितळी स्टोव्ह असे. लिंडक्विस्ट नावाच्या स्वीडिश गृहस्थाने १८९२ च्या सुमारास स्टोव्हची ही जात काढली. तिने आपल्या तीन पिढ्यांचा स्वयंपाक केला, आणि डोळे सुजवणाऱ्या चुलीच्या धुरातून कित्येक सासुरवाशिणींची सुटका केली. टाकीत रॉकेल भरायचे, काकडा पेटवून बर्नर तापवायचा आणि पंप मारायचा. हवेच्या दाबाने रॉकेल वर चढते, तापलेल्या नळीत त्याची वाफ होते आणि ती वाफ भुर्रर्र आवाज करीत निळी जळते. पण पंपातला चामड्याचा वायसर सुकला की दांडा नुसता खालीवर होतो, हवा काही भरत नाही. आमची सौभाग्यवती अशा वेळी पंप अधिक जोराने मारी, मी त्याहून जोराने मारी, आणि शेवटी अण्णा येत. ते वायसर बाहेर काढून खोबरेल तेलाच्या वाटीत टाकत आणि तोवर चहा पीत. दहा मिनिटांनी मऊ झालेला वायसर बोटाने जरा पसरून पुन्हा बसवला की स्टोव्ह गर्जना करू लागे. संध्याकाळी सहाच्या सुमारास आमच्या मजल्यावरचे सगळे स्टोव्ह एका सुरात गात. त्यांतला बहुतेक प्रत्येक आवाज अण्णांनी लावून दिलेला असे.

मुंबईला २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरदर्शन केंद्र सुरू झाले, आणि काही वर्षांत आमच्या चाळीतही एकाच्या खोलीत टीव्ही आला. अण्णांना नवे खाते मिळाले. ते कौलांवर उभे राहून अँटेना फिरवीत, आणि खाली साखळी करून उभे असलेले आम्ही ओरडत असू, "आलं, आलं! गेलं... थोडं मागे!" रविवारचा सिनेमा शंभर माणसांनी पाहावा म्हणून एक माणूस भर उन्हात कौलांवर उभा असे. चित्र स्पष्ट झाले की आम्ही सगळे आत पळत असू. अण्णा कधी खाली उतरले, हे कोणाच्या ध्यानात राहत नसे. आज ते आठवले की बरे वाटत नाही.

पंखा नुसता गुणगुणतो पण फिरत नाही, हाताने ढकलला की फिरू लागतो, असे झाले की अण्णा खुर्चीवर चढण्यापूर्वीच म्हणत, "कंडेन्सर गेला." खालच्या दुकानातून अडीच मायक्रोफॅरडचा नवा कंडेन्सर येई आणि पंखा वारा घालू लागे.

कुकरचे प्रकरण तर मी वर्गातही सांगत असे. साध्या पातेल्यात पाणी १०० अंशांना उकळते आणि तिथेच अडून बसते. कुकरच्या शिट्टीचे वजन वाफ कोंडून धरते, आतला दाब बाहेरच्या दुप्पट होतो आणि पाणी १२० अंशांच्या आसपास जाते; म्हणून तुरीची डाळ झटपट शिजते. देनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ साली असे भांडे प्रथम बनवले. हे सगळे मला पाठ होते. पण पहिल्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी कुकरचा उडालेला सेफ्टी वॉल्व्ह विकत आणण्याऐवजी त्या भोकात बोल्ट आवळून बसवला, तेव्हा अण्णा आयुष्यात प्रथमच कोणावर तरी ओरडले. "हा वॉल्व्ह म्हणजे कुकरचा फ्यूज! पाणी संपलं की हा वितळतो म्हणून घरातली माणसं राहतात!" विजेच्या फळीवरची तार आणि कुकरच्या झाकणावरचा तो छोटासा तुकडा ही एकाच कुळातली भावंडे आहेत, हे मला शास्त्राची पदवी असून सुचले नव्हते. दुसऱ्या दिवशी मी ते वर्गात सांगितले. मुलांना फार आवडले. ते कोणाचे, हे सांगायचे मात्र राहून गेले.

* * *

हे असे राहून का जाते, याचा मी अलीकडे बराच विचार करतो. आपण पांढरपेशी माणसे. आपल्याकडे पूर्वापार लेखणीला बैठक आणि हत्याराला ओसरी. खेड्यात निदान सुताराचे, लोहाराचे, कुंभाराचे बलुते तरी ठरलेले असे. सुगी झाली की धान्याचा वाटा त्यांच्या घरी जाई. त्या व्यवस्थेत जातीचा काच होता, तो काही परत नको. पण हाताच्या कामाची वर्षातून एकदा तरी मोजदाद होई. शहरात येताना आपण बलुते मागे ठेवले आणि ओसरी मात्र बरोबर आणली.

वास्तविक आपल्याच महाराष्ट्राचा इतिहास वेगळे सांगतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला चित्रकला शिकायला गेले. रंग नीट ओळखता येत नाहीत हे ध्यानात आल्यावर रंगांचा नाद सोडून ते यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले. १८८८ साली बेळगावात त्यांचे सायकलींचे दुकान निघाले. पुढे लोखंडी नांगर आला, आणि १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. दृष्टीत एक उणीव निघाली, ती हातांनी भरून काढली.

दादासाहेब फाळक्यांचे नाव आज शाळकरी पोरालाही ठाऊक असते. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमात 'राजा हरिश्चंद्र' लागला. पण त्या चित्रपटाच्या कच्च्या फिल्मला काळोखात बसून भोके पाडायची, रसायने कालवायची, आणि त्यातून उरलेल्या वेळात साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करायचा, ही कामे सरस्वतीबाई फाळके यांची. त्या भोकांशिवाय फिल्म कॅमेऱ्यात पुढे सरकलीच नसती.

आणि कोल्हापूरचे बाबूराव पेंटर! ते मूळचे मेस्त्री. बाबूराव आणि त्यांचे बंधू आनंदराव यांनी परदेशी कॅमेऱ्याची वाट न पाहता घरीच कॅमेरा बनवायचे मनावर घेतले. १९१६ साली आनंदराव वारले. काम अर्धवट राहिले. ते पुरे करताना बाबूरावांच्या हाताशी उभा राहिला तो विष्णुपंत दामले हा तरुण. त्याच मंडळींच्या खटपटीतून 'सैरंध्री' १९२० साली पडद्यावर आला. हेच दामले पुढे प्रभातच्या संस्थापकांपैकी एक झाले, आणि कलादिग्दर्शक फत्तेलाल यांच्या जोडीने त्यांनी १९३६ साली 'संत तुकाराम' दिला. दामल्यांचे कान आणि हात यंत्रात, फत्तेलालांचे डोळे चित्रात. एकाला जे अधिक साधे ते दुसऱ्याने त्याच्याकडून घ्यावे, आणि त्यात कोणी लहान होऊ नये, अशी ही मैत्री होती.

अण्णांच्या आणि माझ्या मैत्रीत देणे-घेणे होते. पण देणारा नेहमी एकच होता. हे कळायला मला एक संप लागला.

* * *

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. साठाहून अधिक गिरण्या आणि सुमारे अडीच लाख कामगार. पहाटेचा भोंगा थांबला. सुरुवातीला वाटले, महिन्या-दोन महिन्यांत मिटेल. तो अधिकृतपणे कधी मिटलाच नाही. नुसता विझत गेला.

त्या पावसाळ्यात आमचा पंखा पुन्हा बंद पडला. मी सवयीने हाक मारली, अण्णा सवयीने आले. स्टुलावर चढताना ते जरा थांबले, इतकेच. पंखा सुरू झाला. ते चहा प्याले आणि गेले. मी वर्तमानपत्र उघडून संपाच्या बातम्या वाचू लागलो.

कपबशी विसळता विसळता सौभाग्यवती म्हणाली, "अहो, एक विचारू? परवापासून वहिनींच्या स्टोव्हचा आवाज ऐकलात तुम्ही?"

मी आठवू लागलो. संध्याकाळी सहाच्या त्या गर्जनेत एक स्वर कमी होता. साऱ्या मजल्याचे स्टोव्ह चालू ठेवणाऱ्याच्या घरचा स्टोव्ह बंद होता. आणि तो काही वायसर सुकल्यामुळे नव्हे.

मी शरमलो, आणि शरमलेला पांढरपेशा माणूस जे करतो तेच केले. पाकिटात पन्नास रुपये घातले आणि अण्णांच्या हातावर ठेवले. म्हटले, "इतक्या वर्षांच्या कामाचे समजा."

अण्णांनी पाकीट उघडले नाही. माझ्या शर्टाच्या खिशात परत ठेवले आणि शांतपणे म्हणाले, "मास्तर, हे घेतलं म्हणजे आजवर मी तुमच्याकडे कामाला येत होतो असं होईल. मी तर शेजारी म्हणून येत होतो."

त्यानंतर आठ-दहा दिवस ते आमच्याकडे फिरकले नाहीत. गॅलरीत दिसले तर मान हलवीत. मी घरात चिडचिड करू लागलो. मदत करायला गेलो तर त्यात माझे काय चुकले?

"चुकलं ते हे," सौभाग्यवती म्हणाली, "तुम्ही हिशेब मिटवायला गेलात. शेजाऱ्याशी हिशेब मिटवायचा नसतो, चालू ठेवायचा असतो. त्यांना तुमच्याकडून काय लागतं, ते कधी विचारलंत?"

विचारले नव्हते, पण विचारण्याची गरजही नव्हती. अण्णांना माझ्याकडून काय हवे असे, ते मला सहा वर्षे ठाऊक होते. ते मला सारखे 'का' विचारीत. कंडेन्सर घातल्यावरच पंखा का फिरतो? तीन पिनांतली एकच पिन लांब आणि जाड का? मी घाईत असे. "सांगतो कधीतरी," म्हणून मी वेळ मारून नेत असे. हातात कला असलेला माणूस माझ्या दाराशी शास्त्र मागत होता, आणि मी त्याला कपभर चहा देऊन वाटेला लावत होतो.

त्या रात्री मी त्यांच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. म्हटले, "अण्णा, वायरमनच्या परवान्याची परीक्षा असते. हातचं तुम्हाला सगळं येतं. लेखी मी करून घेतो. उद्यापासून बसायचं का?"

ते कितीतरी वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझ्या खात्यातले अजून चौघे आहेत. त्यांना आणू?"

गॅलरीच्या टोकाला, जिन्याच्या दिव्याखाली, रात्री नऊ ते अकरा आमची शाळा भरू लागली. पाच विद्यार्थी, वयाने मास्तरांहून बहुतेक मोठे. माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीत तसा वर्ग मला दुसरा मिळाला नाही. मी सांगे, पंख्यात एकच गुंडाळी असेल तर चुंबकाचा जोर नुसता पुढे-मागे होतो, चक्राला कोणत्या बाजूला फिरावे तेच समजत नाही. कंडेन्सर दुसऱ्या गुंडाळीतला प्रवाह जरा पुढे काढतो, आणि मग दोघींचा मिळून जोर गोल फिरू लागतो. लगेच अण्णा म्हणत, "म्हणूनच आपण हाताने ढकलला की तो फिरतो. तेवढ्यापुरता आपला हातच कंडेन्सर!" मी सांगे, जमिनीशी जोडलेली पिन लांब ठेवतात, कारण प्लग घालताना ती सर्वांत आधी जोडली जावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी. दुसरा एक फिटर मान डोलावून म्हणे, "बरोबर. राखणदाराने आधी यायचं, शेवटी जायचं."

वर्ग सुटला की उलटी शिकवणी सुरू होई. अण्णा माझ्या हातात पक्कड देत. तार सोलताना आतला तांब्याचा धागा तुटू द्यायचा नाही. आटे बसत नसतील तर जोर करायचा नाही, उलटे फिरवून पुन्हा सुरुवात करायची. मला ते फारसे साधले नाही. पण माझ्या मुलाला, गॅलरीत पेंगत बसलेल्याला, साधले. आमच्या घरात पहिली पक्कड त्याने आणली.

शेवट सगळा गोड झाला असे सांगितले तर ते खोटे ठरेल. पाचांतले दोघे मध्येच गावी गेले, ते परतलेच नाहीत. एकाने परीक्षा दिली नाही. त्याला तोपर्यंत रात्रपाळीची पहारेकऱ्याची नोकरी धरावी लागली. उरलेले दोघे पास झाले, त्यांत अण्णा एक. एका कंत्राटदाराकडे त्यांना काम मिळाले. सौभाग्यवतीने माझ्या शाळेच्या शिक्षकखोलीत त्यांचे नाव पसरवले, आणि त्याबरोबर एक नियमही घालून दिला: परक्यांकडून पैसे, आपल्यांकडून चहा. तो नियम अण्णांनी मान्य केला. काही दिवसांनी संध्याकाळच्या सुरात हरवलेला तो स्वर पुन्हा ऐकू येऊ लागला. त्या वर्षीच्या फराळात आमच्या घरी चकल्या त्यांच्याकडून आल्या, आणि करंज्या आमच्याकडून गेल्या.

* * *

आज ती चाळ नाही. तिच्या जागी उंच इमारत आहे आणि आम्ही तिच्या पंधराव्या मजल्यावर राहतो. फळीवर चिनी मातीचे ठोकळे नाहीत. बोटाने वर करायचे खटके आहेत. काही बिघडले की सून मोबाईलवर बोट ठेवते आणि तासाभरात पाठीला पिशवी अडकवलेला एक तरुण येतो. तो काम चोख करतो आणि पैसे रोख मोजून घेतो, यात काही वाईट नाही. त्याचे ते पोट आहे, आणि गिरणीतल्या फिटरला जे मोल कधी मिळाले नाही ते त्याला मिळते, हे चांगलेच आहे. मी त्याला चहा विचारतो. बहुधा त्याला पुढच्या घरी जायचे असते.

अण्णा गावी असतात. वय ऐंशीच्या घरात. गेल्या दिवाळीच्या आदल्या रात्री आमच्या मोरीतला जुन्या धाटणीचा एक नळ टपकू लागला. सेकंदाला एक थेंब. शास्त्राच्या शिक्षकाला झोप कशी येणार! दिवसाचे सेकंद ८६,४००; वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर दिवसाकाठी चार लिटरांहून अधिक पाणी. तानशासारख्या तलावांतून शंभर-एक किलोमीटर प्रवास करून आलेले पाणी माझ्या मोरीतून वाया जात होते. पिशवीवाला तरुण सणामुळे चार दिवस येणार नव्हता. मुलगा परगावी. मी अण्णांना फोन लावला. नातवाने त्यात चित्रही दिसेल असे करून दिले.

"मास्तरानू, काय झाला?"

पडद्यावर पांढरे केस, तेच डोळे. मी नळ दाखवला.

"वायसर गेला," ते तिकडून म्हणाले. "पाना घ्या. आधी वरचा कॉक बंद करा. केलात? मग आता नळ उघडून ठेवा, उरलेलं पाणी जाऊ दे. जोर करू नका. आटे काय सांगतात ते बोटांना कळू द्या."

पाऊण तास लागला. पाना दोनदा पायावर पडला. जुना वायसर निघाला तो पापडासारखा कडक होऊन मोडला. मुलाने ठेवलेल्या डब्यात नवा मिळाला. मी तो बसवला, कॉक उघडला, आणि आम्ही दोघेही, मी इथे आणि अण्णा तिथे, नळाच्या तोंडाकडे बघत राहिलो. थेंब आला नाही.

"जमलं की!" अण्णा म्हणाले. मग त्यांनी आपला उजवा हात पडद्यासमोर धरला. तो थरथरत होता. "हे आता स्क्रू धरत नाहीत, मास्तर. बरं झालं तुम्ही फोन केलात. इतकी वर्षं तुम्ही माझे हात वापरलेत. आता मी तुमचे वापरतो."

मला काय बोलावे ते सुचेना. सौभाग्यवतीने फोन माझ्या हातातून घेतला आणि वहिनींना हाक मारून विचारले, चकल्या यंदा झाल्या का.

तुमच्याही ओळखीत एखादे अण्णा असतील. कोणी तुमची शिलाईची मशीन सुरू करून दिली असेल, कोणी पावसात उभे राहून गाडीची साखळी चढवली असेल, कोणी मुलीच्या लग्नात मांडवातली वीज गेली तेव्हा जेवण टाकून उठले असेल. या दिवाळीत फराळाचा डबा घेऊन त्यांच्याकडे जा. पाकीट नेऊ नका. जाल तेव्हा काही मोडलेले बरोबर घेऊन न जाता नुसतेच जा, आणि त्यांना तुमच्याकडून काय हवे आहे, ते विचारा. एखादा अर्ज लिहून हवा असेल, बँकेचा कागद वाचून हवा असेल, नातवाचे गणित अडले असेल.

आमच्याकडून यंदाच्या करंज्यांचा डबा काल कणकवलीच्या गाडीने गेला. त्यात सौभाग्यवतीने एक चिठ्ठी घातली आहे. बाथरूमचा दुसरा नळही गळू लागलाय, आणि मास्तर तुमच्या फोनची वाट बघताहेत.